देवराईची नोंदवही: आधी रिवाज, मग झाडं

देवराईत, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानात, जाऊन झाडांची यादी करणं सोपं आहे. दोन जाणकार आणि दोन दिवस मिळाले की शंभरावर नावं सहज लिहून होतात. अहवाल छापून येतो आणि पाच वर्षांनी त्याच राईत फरशी बसवलेला सभामंडप उभा असतो. यादी चुकीची नसते, पण राई इतकी वर्षं टिकली कशामुळे, हे तिच्यात कुठेच लिहिलेलं नसतं.

पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीतले वनस्पतिशास्त्रज्ञ वर्तक यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया पायी फिरून पाहिल्या. त्यावरचे त्यांचे निबंध १९७५ आणि १९७६ साली प्रसिद्ध झाले. श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावच्या लोकांना आपली राई तुटू द्यायची नव्हती, कारण गावचा ओढा तिच्यावर चालतो हे त्यांना ठाऊक होतं. देवाचं भय आणि पाण्याची गरज ही त्यांच्या लेखी दोन वेगळी कारणं नव्हती. निसर्ग वाचवायचा तर माणसाला बाहेर काढा, या समजुतीला गाडगीळांनी आयुष्यभर विरोध केला. त्याची मुळं या भटकंतीत आहेत.

पुढे १९९१ साली त्यांनी एन. व्ही. जोशी यांच्याबरोबर याच गोष्टीची गणिती मांडणी केली. जंगलातून वर्षाला किती काढायचं हे ठरवायला तिथे आहे किती आणि वाढतं किती, दोन्ही माहीत असावं लागतं, आणि हे अंदाज हमखास चुकतात. त्यापेक्षा ‘या हद्दीच्या आत काहीच काढायचं नाही’ हा नियम पाळायला सोपा. मोडला तर लगेच दिसतो, आणि आतून बाहेर बी जात राहतं. म्हणून देवराईची नोंद करताना पहिली पानं हद्दीला आणि नियमांना द्यायची. झाडं त्यानंतर.

जाण्याआधी

परवानगी दोन ठिकाणी घ्यावी लागते. ग्रामपंचायतीचं पत्र कागदासाठी, आणि गुरव व मानकरी यांचा होकार प्रत्यक्ष आत पाऊल टाकण्यासाठी. कोकणात कित्येक ठिकाणी आधी देवाला कौल लावतात. कौल मिळाला नाही तर त्या दिवशी परत फिरायचं. घाई करून आत शिरलेल्या गटाला पुढे कोणी काही सांगत नाही, आणि ज्या माहितीसाठी आलात तीच हातून जाते.

सातबारा आणि गावनकाशा तहसील किंवा तलाठी कार्यालयातून आधीच काढून ठेवा. राईचा गट नंबर, क्षेत्र आणि कब्जेदाराच्या रकान्यातलं नाव वहीच्या पहिल्या पानावर उतरवा. गावाला जी राई आपली वाटते ती कागदावर देवस्थानाची, सरकारची, वनखात्याची किंवा एखाद्या खासगी कुळाची निघू शकते. हे वर्षभर काम झाल्यावर कळण्यापेक्षा पहिल्याच आठवड्यात कळलेलं बरं.

एका फेरीत काम होत नाही. किमान चार फेऱ्या धरा. ऑगस्टअखेर जमिनीलगतच्या वनस्पती, आमऱ्या (ऑर्किड) आणि अळंब्या दिसतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात वाटा मोकळ्या होतात, तेव्हा झाडं मोजायची. फेब्रुवारी-मार्च हा बऱ्याच झाडांच्या फुलोऱ्याचा काळ, ओळख पटवायला तोच उपयोगी. मे महिन्यात पाणी किती उरलंय आणि रोपं किती जगलीत ते कळतं. साधारण एक हेक्टरच्या राईला ऑक्टोबरच्या फेरीत चार माणसांचे तीन ते चार दिवस जातात.

सामान थोडकंच लागतं: ३० मीटरची फायबरग्लासची टेप, घेर मोजायला ३ मीटरची दुसरी टेप, होकायंत्र, जीपीएस असलेला मोबाइल, खडू, सुती दोरी, १० लिटरची बादली, जाड पुठ्ठ्याची वही आणि शिसपेन्सिल. शाईचं पेन घेऊ नका, दमट हवेत पान ओलं झालं की अक्षर पसरतं. शिंप्याची टेपही नको, ती वापरून ताणली जाते आणि घेर कमी दाखवते. शिवाय १३७ सेंटिमीटर लांबीची एक सरळ काठी कापून घ्या. ती कशासाठी ते पुढे येईल. खिळे आणि रंगाचा डबा घरीच ठेवा. देवाच्या झाडाला खिळा मारून नंबर लावला तर गाव दुखावतं, आणि ते रास्तच आहे.

रिवाज लिहून घेणं

या भागाला सगळ्यात जास्त वेळ द्या. ‘या राईचे नियम काय?’ असा प्रश्न विचारला की एकच ठरलेलं उत्तर येतं: ‘इथली काडीसुद्धा कोणी उचलत नाही.’ ते बहुधा अर्धंच खरं असतं. प्रश्न वस्तूवरून विचारा. वाऱ्याने पडलेलं लाकूड कोणी नेतं का? देवळाच्या वाशासाठी झाड तोडायचं असेल तर कोणाला विचारतात, आणि शेवटचं कधी तोडलं? मध काढतात का? आंबे, फणस, हिरडे, बेहडे कोण गोळा करतं? गारंबीच्या शेंगा? गुरं आत जातात का, कोणत्या महिन्यात? सरपण? शिकार? मयताला लाकूड? आत थुंकायला, चप्पल घालायला, शिटी वाजवायला मनाई आहे का? नियम मोडला तर काय होतं, आणि गेल्या वीस वर्षांत कोणाला दंड झाला का?

हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. दंडाचा नारळ, कोंबडं किंवा रक्कम कोणीतरी नेमकी सांगितली तर नियम जिवंत आहे असं समजा. ‘पूर्वी असायचं’ एवढंच ऐकू आलं तर तो नियम आता फक्त आठवणीत आहे. वहीत दोन्हींसाठी वेगळे रकाने ठेवा: ‘सांगितलेला’ आणि ‘पाळला जाणारा’. दोघांतला फरक हीच राईच्या तब्येतीची खरी नोंद.

छपराचा नियम आवर्जून विचारा. अनेक जुन्या देवराईंतल्या देवाला छप्पर चालत नाही. तांदळा, म्हणजे न घडवलेल्या दगडाचा देव, उघड्यावर, झाडाखाली असतो. जीर्णोद्धारात पहिला बळी जातो तो याच नियमाचा. तांदळ्याच्या जागी घडीव मूर्ती येते, मूर्तीला मंडप लागतो, मंडपाला सिमेंट-वाळू आणणारा ट्रक लागतो आणि ट्रकला रस्ता. भक्ती वाढत जाते आणि राई कमी होत जाते, ही गोष्ट सह्याद्रीत पुष्कळ ठिकाणी दिसते. श्रद्धा आहे म्हणून राई सुरक्षित आहे असं धरून चालणाऱ्यांनी एवढा एक रकाना तरी भरावा.

कोणाला विचारायचं? गुरव आणि पाटील यांच्यापाशी थांबलात तर तुम्हाला देवाची राई कळेल. गुराख्याची, सरपण आणणाऱ्या बाईची, वैदूची राई कळणार नाही. गाडगीळांनी मानववंशशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा यांच्यासोबत पश्चिम महाराष्ट्रातल्या फिरत्या जमातींचा अभ्यास केला होता. फासेपारधी, वैदू आणि नंदीवाले एकाच मुलखात शिकार करत, पण प्रत्येकाची हत्यारं आणि सावज बरंचसं निराळं होतं. एकच रान त्या तिघांना वेगवेगळं माहीत होतं. तुमच्या गावातही तेच आहे. म्हणून किमान पाच बैठका घ्या: मानकरी, बायका, गुराखी किंवा धनगर, औषध जाणणारे, आणि ज्या वाडीला राईत मान नाही त्या वाडीतले लोक. बायकांची बैठक वेगळी आणि पुरुषांच्या गैरहजेरीत. काही राईंत बायकांना गाभ्यापर्यंत जाता येत नाही. तसं असेल तर तसंच लिहा, त्यावर भाष्य नको. पण काठावरच्या रानभाज्यांची आणि कंदांची नावं बहुतेक वेळा त्यांच्याकडूनच मिळतात.

प्रत्येक माहितीपुढे कोणी सांगितलं ते लिहायचं की नाही, हे त्या माणसाला विचारून ठरवा. नाव नको असेल तर ‘गुराखी, सुमारे साठ वर्षं’ एवढं पुरे.

हद्द

जीपीएस चालू करून राईभोवती एक चक्कर मारली की क्षेत्र मिळतं, असं सगळे करतात. मोठ्या राईला ते चालून जातं, लहान राईत घोळ होतो. दाट छताखाली मोबाइलचं स्थान सहज पाच-दहा मीटर चुकतं. १० गुंठ्यांची राई म्हणजे साधारण ३२ मीटर बाजूचा चौकोन. प्रत्येक कडेला ५ मीटरची चूक झाली तर तीच राई १७ गुंठे दिसेल किंवा ५ गुंठ्यांहून कमी भरेल.

तेव्हा एक एकराच्या आतली राई टेप आणि होकायंत्राने मोजा. एका ठळक खुणेपासून, म्हणजे तांदळा, गडगा (दगड रचून केलेली भिंत) किंवा मोठा खडक अशा कशापासून तरी सुरुवात करा, वळण येईल तिथे थांबा, पुढच्या वळणाची दिशा आणि अंतर लिहा, आणि फिरून त्याच खुणेवर या. कागदावर काढलेली आकृती जुळली नाही तर कुठेतरी दिशा चुकली आहे. बहुतेक वेळा वाचणाऱ्याच्या कमरेला कोयता असतो आणि होकायंत्र त्याकडे ओढलं जातं. चुंबक असलेलं मोबाइलचं कव्हरही तोच घोटाळा करतं. चढावर टेप जमिनीला टेकवू नका. आडवी धरून टप्प्याटप्प्याने मोजा, नाहीतर उतारावरची राई कागदावर फुगते.

नकाशावर दोन रेषा हव्यात: आजच्या झाडीची, आणि जाणत्यांच्या आठवणीतल्या जुन्या हद्दीची. दुसरी रेषा त्यांच्यासोबत चालूनच काढावी लागते. जुना गडगा, एकटं उरलेलं आंब्याचं किंवा बेहड्याचं झाड, शेतात राहिलेला एखादा दगडी देव, असल्या खुणा चालताना बोलत्या होतात.

राई फार लहान आहे म्हणून नोंद टाळू नये. दोडामार्ग तालुक्यातली हेवाळे-बांबर्डे इथली रानजायफळाची दलदल अवघी २.५९ हेक्टर आहे. गावाने ती देवाची राई म्हणून राखली होती. २०२१ साली तिला जैविक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला.

झाडं मोजणं

राई एक हेक्टरपर्यंतची असेल तर ३० सेंटिमीटरहून अधिक घेराचं प्रत्येक झाड मोजा. नमुन्याच्या भानगडीत पडू नका. त्याहून मोठी असेल तर २० मीटर बाय २० मीटरचे चौकोन घ्या, एक चौकोन म्हणजे सुमारे ४ गुंठे. किमान पाच घ्या, आणि काठावरचे व गाभ्यातले वेगळे ठेवा. चौकोन काटकोनात आहे का ते कर्ण मोजून बघा: तो २८.३ मीटर भरला पाहिजे. जागा आधी नकाशावर ठरवून मग आत जा. आत जाऊन ‘इथे छान आहे’ म्हणत चौकोन टाकले की सगळे चौकोन भव्य झाडांभोवतीच पडतात आणि राई आहे त्यापेक्षा श्रीमंत दिसते.

घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे साडेचार फुटांवर मोजायचा. ती काठी यासाठी. बुंध्याला टेकवली की उंची ठरते, दरवेळी टेप सोडावी लागत नाही. काही पुस्तकांत १.३ मीटर दिलेलं असतं. कोणतंही एक धरा, पण वहीच्या पहिल्या पानावर ते लिहा. पाच वर्षांनी दुसऱ्या गटाने दुसऱ्या उंचीवर मोजलं तर झाडं चक्क बारीक झालेली दिसतात, आणि मग त्यावर चर्चासत्रं होतात.

उतारावर काठी चढाच्या बाजूने टेकवा. पाखासारखी आधारमुळं १.३७ मीटरच्या वर गेली असतील तर ती संपतात तिथून ३० सेंटिमीटर वर घेर घ्या आणि ती उंची नोंदवा. खोड १.३७ मीटरच्या खालीच दुभंगलं असेल तर दोन्ही फांगांचा घेर वेगळा लिहा, पण झाड एकच धरा. टेप वेलींच्या आतून, सालीला लागून गेली पाहिजे. गारंबीचा किंवा दुसऱ्या कुठल्या महावेलीचा वेटोळा टेपखाली आला तर घेर पंधरा-वीस सेंटिमीटरने वाढतो. वेल मात्र तोडायची नाही. तिची स्वतंत्र नोंद करा: जाडी किती, कोणत्या झाडावर चढली आहे. मांडीएवढ्या जाड वेली फक्त जुन्या, न तुटलेल्या रानातच राहतात. राईचं वय सांगायला त्या मोठ्या झाडांइतक्याच उपयोगी.

मोजून झालेल्या झाडावर खडूची छोटी रेघ मारा, ती पहिल्या पावसात जाते. कायमचा क्रमांक झाडावर टाकू नका, नकाशावर टाका: तांदळ्यापासून दिशा आणि अंतर.

ढोली असलेली झाडं वेगळी लिहा. त्यांत घुबडं, पोपट, उदमांजरं राहतात, आणि कोकणातल्या काही राईंत ककणेर, म्हणजे धनेश पक्षी, घरटं करतो. मादी स्वतःला ढोलीत चिणून घेते आणि नर फटीतून चारा भरवतो. साधारण फेब्रुवारी ते मे या काळात अशा झाडाखाली उभं राहू नका, टेप लावायलाही जाऊ नका. नर बिचकला की फेऱ्या टाळतो आणि आतली पिल्लं उपाशी राहतात. त्या झाडाचा घेर जूननंतर मोजला तरी चालतो.

नावं

आधी गावातलं नाव लिहा, जसं उच्चारलं तसं. शास्त्रीय नाव नंतर. उलटं केलं की माणसं गप्प होतात.

एका नावाखाली दोन-तीन झाडं दडलेली असतात. नुसतं ‘कुडा’ लिहून चालत नाही: पांढरा कुडा, काळा कुडा आणि नागलकुडा ही तीन निराळी झाडं आहेत आणि त्यांचे औषधी उपयोगही वेगळे. नवख्यांना ऐन आणि किंजळ सारखेच वाटतात. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनांनी फुटलेली असते आणि फळाला पाच पंख असतात. किंजळीच्या फळाला एकच मोठा पंख. प्रत्येक नाव तीन वाड्यांतल्या तीन माणसांकडून तपासून घ्या. तिघांची नावं जुळली नाहीत तर तिन्ही लिहा, कोणालाही चुकीचं ठरवू नका.

फोटो एका झाडाचे पाच: पूर्ण झाड, साल, पानाची वरची बाजू, पानाची खालची बाजू, आणि फूल किंवा फळ. पानाशेजारी मोजपट्टी असावी. फोटो काढताच वहीत त्याचा क्रमांक लिहा. ‘संध्याकाळी लिहू’ म्हटलं की दोनशे हिरव्या पानांचे फोटो आणि एकही नाव नाही अशी गत होते.

ओळख पटली नाही तर नमुना हवा, पण फांदी तोडायला राईत मनाई असते. मानकऱ्यांना विचारा. नाही म्हणाले तर खाली पडलेली पानं, फुलं, फळं घ्या. त्यात एक फसगत असते: झाडाखालचं पान त्या झाडाचंच असेल असं नाही. वर चढलेल्या वेलीचं किंवा बांडगुळाचं असू शकतं. म्हणून दुर्बिणीतून वरचं पान बघून जुळवा. नमुना वर्तमानपत्रात दाबून ठेवताना पहिले चार-पाच दिवस कागद रोज बदला. पावसाळ्यात एक दिवस चुकला तरी बुरशी येते. ठिकाण, तारीख, गावातलं नाव आणि फुलाचा ताजा रंग लिहिलेली चिठ्ठी लगेच जोडा, सुकल्यावर रंग जातो. असे नमुने जुळवून बघायला पुण्यात आघारकर संशोधन संस्था आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षण यांचे वनस्पतिसंग्रह आहेत.

रोपं

प्रचंड बेहडे, सातवीण, आंबे बघून राई ठणठणीत आहे असं वाटतं. खाली बघा. २० मीटरच्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांत आणि मध्यभागी एक मीटर बाय एक मीटरच्या चौकटी टाका आणि झाडांची रोपं मोजा: गुडघ्याखालची, कमरेपर्यंतची, डोक्याएवढी. गुडघ्याखाली भरपूर आणि डोक्याएवढी शून्य, असं असेल तर मधे काहीतरी रोपं खातंय किंवा तुडवतंय. बहुधा गुरं, कधी खराटा, कधी वणवा.

ही मोजणी फक्त ऑक्टोबरात केली तर आकडे सुखावणारे येतात, कारण पावसाळ्यात उगवलेलं सगळं तेव्हा जिवंत असतं. मे महिन्यात त्याच चौकटी पुन्हा मोजा. खरा आकडा तोच. त्यासाठी चौकटीच्या जागा नकाशावर पक्क्या हव्यात.

पाणी

राईत झरा, कोंड किंवा बारमाही ओढा असेल तर त्याची मोजणी हे वहीतलं सर्वांत स्वस्त आणि गावाला सर्वांत पटणारं पान. पाणी पन्हळीतून पडतं तिथे १० लिटरची बादली धरा आणि भरायला किती सेकंद लागले ते बघा. तीनदा मोजून सरासरी घ्या. २५ सेकंद लागले तर मिनिटाला २४ लिटर, म्हणजे दिवसाला ३४,५६० लिटर. पाणी पसरून वाहत असेल तर चिकणमातीचा छोटा बांध घालून पाइपाच्या तुकड्यातून काढा, मोजा, आणि बांध लगेच फोडा. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मोजा. मात्र दोन-तीन दिवसांत पाऊस झाला असेल तर थांबा, कारण तेव्हा झऱ्याचं नव्हे, वरून आलेलं पाणी मोजलं जातं. मार्च ते मे हे तीन आकडे चुकवू नका.

राईत दलदल असेल आणि चिखलातून गुडघ्यासारखी मुळं वर आलेली दिसली, तर तिथे तळं खोदू नका आणि चर काढून ती कोरडीही करू नका. ती मुळं चिखलात हवा घेण्यासाठी असतात. पाण्याची पातळी वर गेली तरी आणि उतरली तरी झाडं वाळतात.

काय उघड करायचं नाही

जैवविविधता कायदा २००२च्या ४१व्या कलमानुसार गावपातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोक जैवविविधता नोंदवही करणं हे तिचं मुख्य काम. या नोंदवहीमागची कल्पना गाडगीळांनी कायद्याच्या आधीपासून लावून धरली होती. तुमची वही तिचाच भाग व्हावी. पण सगळी पानं सगळ्यांसाठी नसतात. नरक्या या औषधी झाडाच्या जागा नेमक्या कुठे आहेत, दुर्मिळ आमऱ्या कोणत्या फांदीवर आहेत, ककणेराची ढोली कुठली, वैदूने सांगितलेल्या औषधाचं प्रमाण काय, ही पानं वेगळ्या वहीत ठेवा. कर्करोगाच्या औषधासाठी मागणी वाढल्यावर नरक्याची चोरटी तोड सह्याद्रीत सर्रास झाली. फोटो इंटरनेटवर टाकण्याआधी त्यातली ठिकाणाची माहिती काढून टाका. ती मोबाइल गुपचूप जोडत असतो.

नोंद झाल्यावर: साफसफाईपासून सावध

वही वाचून गावात उत्साह येतो, आणि पहिली सूचना हमखास ‘राई साफ करू’ ही असते. इथे गाडगीळांचा बांबूचा अनुभव आठवावा. कर्नाटकात कागद गिरण्यांसाठी बांबू तोडताना बेटांच्या बुडाशी असलेलं काटेरी जाळं काढून टाकत. बेट मोकळं झालं की वाढ चांगली होईल, हा तर्क. गावकरी उलट सांगत होते: काटे गेले की कोवळे कोंब गुरं आणि रानातली जनावरं खातात. मोजणी केल्यावर गावकऱ्यांचं बरोबर निघालं. देवराईतली खालची झुडपं, वेली आणि पालापाचोळा हे तसलंच संरक्षण आहे. पाला झाडून जाळला की बी जळतं, माती उघडी पडते आणि पहिल्या पावसात वाहून जाते. देवळासमोरचं अंगण झाडा, त्यापलीकडे खराटा नेऊ नका.

काढायचं ते फक्त बाहेरून आलेलं तण. रानमोडी ऑगस्ट ते ऑक्टोबरात, फुलं येण्याआधी, ओल्या मातीतून मुळासकट उपटा. नुसती कापली तर दुप्पट फुटवे येतात. घाणेरी जमिनीखाली तीन-चार सेंटिमीटरवर मुळाच्या गड्ड्यापाशी तोडून उलटी ठेवा. एका वर्षात सगळी राई मोकळी करायला जाऊ नका. एकदम ऊन आत आलं की तेच तण जोमाने परत येतं. काठापासून आत, दरवर्षी एक पट्टा, एवढ्यावर थांबा.

गुरांसाठी गडगा बांधायचा का? आधी रिवाजाचं पान उघडा. गुरं कधी, किती आणि कुठे येतात ते तिथे असेल. भरतपूरच्या पाणथळीत १९८२ साली म्हशींच्या चराईवर बंदी आली आणि पुढे गवत इतकं माजलं की पाणपक्ष्यांचीच जागा गेली. देवराई म्हणजे पाणथळ नव्हे, इथे चराईने रोपं मरतात हे बहुतेक ठिकाणी खरं आहे. पण मेच्या चौकटींचे आकडे हातात आल्यावर, आणि गुरं पाणी प्यायला दुसरीकडे कुठे जातील हे ठरल्यावरच गडग्याला हात घाला.

लागवड सर्वांत शेवटी. गडगा झाल्यावर दोन पावसाळे काहीच लावू नका. त्यात आपोआप काय येतं ते चौकटींत मोजा, पुष्कळदा तेवढंच पुरतं. तरी मोकळ्या जागा राहिल्या तर त्याच राईतली बी वापरा, तीही मानकऱ्यांना विचारून, वाटेवर किंवा राईबाहेर पडलेली. जांभूळ, फणस, आंबा, रानजायफळ यांची बी वाळवून साठवता येत नाही. आठवडाभरात पिशवीत पेरली तर उगवते, महिन्याने पेरली तर बहुतेक उगवत नाही. गुलमोहर, ऑस्ट्रेलियन बाभूळ, सुबाभूळ, ग्लिरिसिडिया फुकट मिळाली तरी परत पाठवा.

वहीच्या तीन प्रती करा. एक देवळात किंवा मानकऱ्यांकडे, एक समितीच्या दप्तरी, एक शाळेत. ग्रामसभेत ती मोठ्याने वाचून दाखवा आणि दुरुस्त्या तिथल्या तिथे पेन्सिलने करा. ‘सांगितलेला’ आणि ‘पाळला जाणारा’ हे दोन रकाने वाचताना सभेत आवाज चढतात. ते भांडण थांबवू नका, लिहून घ्या. गावाने राईसाठी सामूहिक वनहक्काचा दावा केला तर हीच पानं आणि त्याखालच्या सह्या पुरावा म्हणून जोडता येतात. झऱ्याचे आकडे दर महिन्याला, रोपांच्या चौकटी वर्षातून दोनदा, झाडांचे घेर पाच वर्षांनी. १३७ सेंटिमीटरची ती काठीही वहीसोबतच ठेवा.